फाट्यापासून फाटकापर्यंत : विदर्भातील मनोरंजन उद्यानांच्या चालकांना खुले पत्र

प्रति,
विदर्भातील जलउद्याने व मनोरंजन उद्याने यांचे सर्व चालक आणि व्यवस्थापक यांस
प्रत माहितीसाठी : राज्य परिवहन महामंडळाचे विदर्भातील विभाग नियंत्रक व आगार व्यवस्थापक

विषय : ग्रामीण कुटुंबांसाठी वाहनतळाची सोय आणि फाट्यापासून उद्यानापर्यंत ने-आण करणारी गाडी

स.न.वि.वि.

कापूस आणि तूर विकून हाती चार पैसे आलेले असतात, लग्नसराई उरकत आलेली असते, पेरणीला अवकाश असतो आणि विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राहून उशिरा उघडत असल्याने मुले जून सरत येईपर्यंत घरीच असतात. नेमक्या याच दिवसांत यवतमाळ, वर्धा, अमरावती, चंद्रपूर, भंडारा अशा जिल्ह्यांच्या खेड्यांमधून कुटुंबेच्या कुटुंबे आपल्या उद्यानांकडे निघतात. आपल्या जाहिरातींत घसरगुंड्या, लाटांचा तलाव, पाळणे आणि तिकिटांचे दर ठळकपणे दिसतात. पण तेथवर पोहोचायचे कसे, गाडी लावायची कुठे आणि परत निघायचे कसे, याबद्दल बहुधा एक नकाशा आणि ‘भरपूर पार्किंग उपलब्ध’ एवढेच शब्द असतात. ज्यांच्या दारात मोटार उभी आहे त्यांना तेवढे पुरते. बाकीच्यांचे काय होते, हे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी राज्य परिवहन महामंडळातून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. तालुक्याच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाला सकाळी कोण कुठे निघाले आणि संध्याकाळी कोणत्या गाडीसाठी कोण धावत आले, हे आपोआप कळत जाते. हे पत्र एखाद्या विशिष्ट उद्यानाविरुद्धची तक्रार नाही, म्हणून कोणाचेही नाव मी त्यात घेतलेले नाही. ज्याला आपल्या फाटकाबाहेरचे चित्र त्यात दिसेल, त्याने ते आपल्यासाठी समजावे.

प्रथम भाड्याचा विचार करू. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या प्रवासात सर्व महिलांना निम्मे तिकीट आहे. त्याआधी, ऑगस्ट २०२२ मध्ये, वयाची ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांचा प्रवास मोफत झाला; ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे पडते आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांचे तिकीट पूर्वीपासूनच अर्धे आहे. आजी, आई, वडील आणि दोन शाळकरी मुले असे पाच जणांचे घर एसटीने निघाले, तर पूर्ण भाडे द्यावे लागते ते एकट्या वडिलांना. गावाकडच्या माणसासाठी याहून स्वस्त आणि याहून सुरक्षित प्रवास दुसरा नाही. मात्र ही सगळी स्वस्ताई महामार्गावरच्या फाट्याशी येऊन संपते. मोठी आणि परवडणारी जमीन गावाबाहेर, आडरस्त्यालाच मिळते, त्यामुळे आपली उद्याने मुख्य रस्त्यापासून दोन, तीन, कधी पाच किलोमीटर आत असतात, यात आपला दोष नाही. परंतु फाट्यावर उतरलेल्या कुटुंबापुढे तिथे दोनच मार्ग उरतात : डोक्यावर पदर किंवा दुपट्टा घेऊन चालत सुटणे, नाहीतर ऑटोवाला सांगेल ते भाडे देणे. ते भाडे अनेक ठिकाणी गावापासून फाट्यापर्यंतच्या सगळ्यांच्या एसटी तिकिटांपेक्षा जास्त भरते. मे महिन्यात, जेव्हा अकोला, वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरी येथे पारा ४५ अंशांच्या वर जाणे नवलाचे राहत नाही, तेव्हा कडेवर लेकरू घेऊन डांबरी रस्त्याने तीन किलोमीटर चालणे ही गैरसोय म्हणून सोडून देता येत नाही. ते सरळ उष्माघाताला निमंत्रण आहे.

म्हणून माझी मुख्य मागणी एकच आहे. आपल्या उद्यानाची हद्द आपण फाटकापासून नव्हे, तर फाट्यापासून मोजावी आणि या दोहोंमध्ये आपली स्वतःची, विनामूल्य, वेळापत्रकाने धावणारी गाडी ठेवावी.

यात नवीन किंवा अशक्य असे काही नाही. शेगावला रेल्वे स्थानकापासून मंदिरापर्यंत संस्थानाची विनामूल्य बस आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. गाडीतून उतरलेल्या भाविकाला तेथे कोणाशी घासाघीस करावी लागत नाही. विदर्भातून शाळांच्या सहली हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीला जातात, तेथे आपले वाहन प्रवेशद्वाराशीच ठेवावे लागते आणि आतला सगळा पसारा त्यांच्याच बसमधून पाहता येतो. मुंबईचे एस्सेलवर्ल्ड चालू होते तेव्हा गोराईची खाडी बोटीने ओलांडणे हा त्या सहलीचाच भाग होता. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात १९७१ मध्ये उघडलेल्या डिस्नेच्या उद्यानाचे मुख्य वाहनतळ तर मुद्दाम तलावाच्या अलीकडच्या काठाला केलेले आहे. लोक तेथे गाड्या लावतात आणि मोनोरेलने किंवा बोटीने उद्यानाच्या दारात उतरतात. त्यांचा पैसा आणि आपला पैसा यांची तुलना मी करणार नाही. मला दाखवायचे आहे ते इतकेच की, पाहुण्याला दारापर्यंत आणणे हे उद्यानाचे काम आहे, असे या सगळ्यांनी मानले.

आता गाड्यांचा हिशेब. फाटा ते उद्यान चार किलोमीटर अंतर धरले, तर गावरस्त्याने जायला दहा मिनिटे, यायला दहा मिनिटे आणि दोन्ही टोकांना चढ-उतार व थांबा मिळून आणखी दहा मिनिटे, म्हणजे अर्ध्या तासाची एक फेरी होते. तीस आसनांची एक गाडी तासाला साठ माणसे आत आणते. सकाळी दहा ते एकच्या दरम्यान लोक टप्प्याटप्प्याने येतात, त्यामुळे एका गाडीने पावणेदोनशे माणसे आरामात आत येतील. मात्र हीच माणसे संध्याकाळी उद्यान बंद होताच एकदम बाहेर पडतात आणि तेव्हा तेवढ्याच लोकांना तासाभरात फाट्यावर पोहोचवायचे तर तीन गाड्या लागतात. सकाळी एक गाडी पाहून ‘आमची सेवा आहे’ असे समाधान मानणारा व्यवस्थापक संध्याकाळी साडेपाचला फाटकाबाहेर उभा राहिला, तर त्याला खरे चित्र दिसेल. जादा दोन गाड्या दिवसभर ठेवण्याची गरज नाही. संध्याकाळच्या दोन तासांसाठी जवळपासच्या शाळेच्या बस कराराने घेता येतील, कारण सुटीच्या दिवसांत त्या उभ्याच असतात.

संध्याकाळच्या वेळेचा प्रश्न केवळ गर्दीचा नाही. खेड्याकडे जाणारी शेवटची गाडी, जी बहुधा मुक्कामी असते, तालुक्याच्या स्थानकावरून साडेसहा-सातच्या सुमारास सुटते. ती चुकली की रात्र स्थानकाच्या बाकावर काढावी लागते किंवा खासगी गाडीला तोंडाला येईल तितके भाडे मोजावे लागते. म्हणून एसटीने आलेली कुटुंबे चारच्या ठोक्याला मुलांना पाण्यातून ओढून बाहेर काढतात. तिकीट त्यांनी पूर्ण दिवसाचे घेतलेले असते आणि ऊन उतरून पाण्यात मजा येऊ लागते ती नेमकी तेव्हाच. आपल्या गाडीची परतीची वेळ जर फाट्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या वेळांशी जुळवलेली असेल आणि ती वेळ तिकीट खिडकीवर ठळक अक्षरांत लिहिलेली असेल, तर या कुटुंबांना तास-दीड तास जास्त मिळेल. त्या तास-दीड तासात ते आपल्याच उपाहारगृहात चहा-नाश्ता घेतील, हे आपल्या हिशेबनिसांना मी वेगळे सांगायला नको.

परवान्याची अडचण कोणी पुढे करील, म्हणून तेही लिहितो. टप्पा वाहतूक, म्हणजे थांब्याथांब्यावर प्रवासी चढवून प्रत्येकाकडून भाडे घेणे, हा निराळा विषय आहे आणि त्यात आपण पडू नये. मोटार वाहन कायद्यात ‘खासगी सेवा वाहन’ हा प्रकार आहे : चालक सोडून सहापेक्षा अधिक माणसे बसतील असे, मालकाच्या व्यवसायाच्या संबंधाने, भाडे न घेता माणसांची ने-आण करणारे वाहन. त्यासाठी परिवहन कार्यालयाकडून रीतसर परवाना मिळतो. सेवा विनामूल्य ठेवण्याची मागणी मी करतो ती केवळ गरिबांच्या कळवळ्यापोटी नव्हे. ती कायद्याच्या दृष्टीनेही सरळ वाट आहे. खर्च प्रवेश तिकिटात मिळवावा, कोणी तक्रार करणार नाही.

फाट्यावरच्या ऑटोवाल्यांना मात्र शत्रू समजू नये. ती त्याच गावची मुले आहेत, ज्या गावाच्या शिवारात आपले उद्यान उभे आहे, आणि पावसाळ्यात आठ-आठ दिवस त्यांना एक सवारी मिळत नाही. त्यांच्यापैकी काहींची वाहने हंगामापुरती ठरलेल्या दराने आपल्या सेवेत घेतली, तर त्यांची कमाई निश्चित होईल आणि फाट्यावरची वादावादीही थांबेल. ज्यांना घेता येणार नाही त्यांच्यासाठी निदान ठरलेल्या भाड्याचा फलक ग्रामपंचायतीच्या संमतीने फाट्यावर लावावा.

गाडी निवडताना पायरीकडे लक्ष द्यावे. लुगडे नेसलेल्या आजीला उंच पायरी चढता येत नाही आणि तिला उचलून चढवणे तिला आवडत नाही. चाकाची खुर्ची चढेल असा उतरता फळा निदान एका गाडीला असावा आणि वाहनतळात फाटकाजवळच्या जागा अपंग व्यक्तींसाठी राखून ठेवाव्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सेवा देणाऱ्या खासगी संस्थांवरही सुगम्यतेची जबाबदारी टाकलेली आहे.

आता वाहनतळाकडे वळतो. त्याविषयी मला जास्त सांगायचे आहे, कारण बाहेरून आलेल्या सल्लागाराने आखलेल्या नकाशात तो फक्त एक रिकामा चौकोन असतो, आणि प्रत्यक्षात गावाकडून आलेल्या माणसांचा बराचसा दिवस त्याच चौकोनात जातो.

आपल्याकडची जमीन काळी आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि तिची धूळ उडते. पहिल्या पावसानंतर तीच माती चाकाला असा विळखा घालते की हलकी मोटारसुद्धा जागची हलत नाही आणि मग शेजारच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर बोलवावा लागतो. वाहनतळ म्हणून कुंपण घातलेले शेत पुरेसे नाही. खाली दगडी भर, त्यावर मुरूम दाबून आणि पाणी बाहेर काढण्यासाठी कडेने चर खणून दिले, तर खर्च बेताचा येतो आणि पावसाळी सहलीही बंद पडत नाहीत. सिमेंटचे आच्छादन मी सुचवत नाही. त्याने जागा आणखी तापते.

सावली ही दुसरी गोष्ट. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीच्या आतील उष्णता पहिल्या अर्ध्या तासातच झपाट्याने वाढते, आणि काच थोडी उघडी ठेवल्याने तिला फारसा आळा बसत नाही. झोपलेल्या मुलाला ‘दहा मिनिटांत येतो’ म्हणून गाडीत ठेवणारे आईबाप निर्दयी नसतात, त्यांना हे माहीत नसते. वाहनतळातील रखवालदाराला फेरी मारताना गाड्यांच्या आत डोकावण्याची सूचना द्यावी, आणि ती लेखी द्यावी. कायमचा उपाय म्हणून ओळींच्या मधून कडुनिंब आणि करंज लावावेत. हे दोन्ही आपल्या हवेत तग धरतात आणि करंजाची सावली लवकर दाट होते. ज्यांना गुंतवणूक करता येईल त्यांनी वाहनतळावर सौर पट्ट्यांचे छत घालावे, म्हणजे खाली सावली आणि वर वीज मिळेल. पाण्याचे पंप चालवणाऱ्या उद्यानाला विजेचे बिल काय येते, ते आपणच जाणता.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित राहिलेली बाब शिदोरीची आहे. बहुतेक उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत. त्या नियमाचा व्यापारी हेतू मी समजू शकतो आणि त्यावर या पत्रात वाद घालणार नाही. पण परिणाम असा होतो की, पहाटे उठून बांधलेल्या पोळ्या, बेसन, ठेचा आणि लोणचे घेऊन आलेली कुटुंबे दुपारी हातावर शिक्का मारून बाहेर येतात आणि दोन गाड्यांच्या मधल्या हातभर सावलीत, चाकाला पाठ टेकून जेवतात. मागे येणाऱ्या गाडीच्या चालकाला खाली बसलेली मुले दिसत नाहीत. यातून एखादा दिवस अपघात घडेल. वाहनतळाच्या एका कडेला पत्र्याची किंवा तट्ट्याची मोठी शेड, चार नळ, हात धुण्याची जागा आणि कचऱ्याच्या कुंड्या एवढी सोय केली, तर आपल्या उपाहारगृहाचे गिऱ्हाईक कमी होणार नाही; जो आत विकत घेऊन खाणार नाही, तो आजही बाहेरच जेवतो आहे.

त्याच शेडमध्ये चालकांची सोय व्हावी. गावाकडून दहा-बारा माणसे मिळून ट्रॅक्स, मॅजिक किंवा काळीपिवळी करून येतात. शाळेच्या आणि बचत गटांच्या सहली एसटी घेऊन येतात. माणसे आत जातात आणि चालक सात-आठ तास वाहनतळात राहतो. त्याला बसायला जागा नाही, पाण्यासाठी तिकीट खिडकीशी विनवणी करावी लागते आणि शौचालय फाटकाच्या आत आहे. हाच माणूस रात्री पन्नास-साठ किलोमीटर गाडी चालवून आपल्या पाहुण्यांना घरी नेणार असतो. आयुष्यभर चालकांच्या पाळ्या लावलेला मनुष्य म्हणून मी सांगतो, दुपारी दोन तास आडवे व्हायला मिळालेला चालक आणि न मिळालेला चालक यांच्यात रात्री नऊनंतर फार फरक पडतो. एक खाट नसली तरी चालेल, पण पंख्याखाली सतरंजी, पिण्याचे थंड पाणी आणि बाहेरून वापरता येईल असे शौचालय द्यावे.

काही गावांतून अजूनही मालवाहू पिकअपमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून माणसे येतात. हे बेकायदा आहे आणि धोक्याचेही आहे. अशा वाहनाला आत घेऊन पार्किंगची पावती फाडणे म्हणजे त्या धोक्याकडे डोळेझाक करणे होय. पण आलेल्या बायकापोरांना फाटकावरून परत पाठवणे हाही उपाय नाही, कारण ती त्याच ट्रॉलीतून परत जातील. आपल्या जाहिरातीत आणि आरक्षणाच्या दूरध्वनीवर गटांना एसटीच्या प्रासंगिक कराराची, म्हणजे अख्खी बस भाड्याने घेण्याच्या सोयीची, माहिती द्यावी आणि एसटी करारावर घेऊन येणाऱ्या गटाला प्रवेशात थोडी सूट द्यावी. गावाच्या लक्षात हिशेब लगेच येतो.

पावतीबद्दल दोन शब्द. ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापले की आपले काम संपले, अशी समजूत दिसते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, किल्लीसह हॉटेलच्या ताब्यात दिलेली मोटार चोरीला गेली त्या प्रकरणात, केवळ अशा छापील वाक्याच्या आधारे हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी झटकता येणार नाही, असे म्हटले आहे. प्रत्येक वाहनतळाला तो निकाल जसाच्या तसा लागू होईल, असे मी म्हणत नाही; परंतु जे पैसे घेतात त्यांनी निदान रखवाली करावी आणि रात्री उजेड ठेवावा. दुचाकीवरून येणाऱ्यांची तर ठेवायला डिकीही नसते. शिरस्त्राण आणि पिशवी यांसाठी टोकनावर जागा असावी. पार्किंगचा दर तिकिटाच्या दराशेजारीच जाहीर करावा, म्हणजे घरून निघताना त्याची तरतूद करता येते.

हा दर फाटकावर सुट्या पैशांत वसूल करण्याची पद्धत बदलावी, असेही सुचवतो. एकेका गाडीला थांबवून शंभराची नोट मोडून देत बसले की रांग रस्त्यावर येते आणि राष्ट्रीय महामार्ग ४४ किंवा ५३ सारख्या रस्त्याला लागून उद्यान असेल, तर वळणाऱ्या गाड्या थेट ट्रकांच्या वाटेत उभ्या राहतात. गाडी आधी आत घ्यावी, शंभर-दीडशे मीटर पुढे पावती द्यावी, नाहीतर प्रवेश तिकिटाबरोबरच पैसे घ्यावेत. आत ओळींना ‘अ-३’, ‘ब-७’ अशा खुणा देण्याऐवजी वाघ, मोर, हरिण, घुबड अशी चित्रे लावावीत. ज्यांना अक्षर वाचता येत नाही तेही ‘आपली गाडी मोराच्या रांगेत’ हे विसरत नाहीत. फ्लोरिडातल्या त्या उद्यानात रांगांना कार्टूनमधल्या पात्रांची नावे आहेत आणि कोणती ओळ किती वाजता भरली याची नोंदही ठेवतात, म्हणजे आपण केव्हा आलो एवढे सांगितले तरी गाडी सापडते. त्यासाठी एक वही आणि एक पेन पुरते.

शेवटी महामंडळातील माझ्या सहकाऱ्यांना विनंती. ज्या फाट्यांवरून उद्यानांकडे रस्ता जातो तेथे विनंती थांबा मंजूर करून तसा फलक लावावा, हंगामातील शनिवार-रविवारी तालुक्याहून एखादी जादा फेरी थेट उद्यानापर्यंत न्यावी आणि संध्याकाळच्या मुक्कामी गाड्यांच्या वेळा उद्यानांना लेखी कळवाव्यात. दोन्ही बाजूंच्या वेळा एकमेकांना ठाऊक नसतील, तर नवी गाडी ठेवूनही लोक फाट्यावर तिष्ठतच राहतील. मार्च महिन्यात, परीक्षा संपण्यापूर्वी, प्रत्येक उद्यानाच्या व्यवस्थापकाने जवळच्या आगारात जाऊन आगार व्यवस्थापकांबरोबर तासभर बसावे आणि वेळापत्रक जुळवून घ्यावे. ते तयार झाले की आपल्या फाटकावर तर लावावेच, शिवाय त्याची एक प्रत तालुक्याच्या बसस्थानकावरील चौकशीच्या खिडकीत द्यावी. खेड्यातला माणूस संकेतस्थळ पाहण्याआधी त्या खिडकीत विचारतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक
जि. यवतमाळ